जँगो प्रकल्पात टेस्टची फोल्डरं कशी लावावीत: केळी खरेदीच्या हिशेबाचा नमुना

जँगो म्हणजे पायथनमध्ये वेब सॉफ्टवेअर लिहिण्याची चौकट. जँगोमध्ये नवं ॲप, म्हणजे प्रकल्पाचा एक स्वतंत्र भाग, तयार केलं की त्यात टेस्ट्स.पाय नावाची जवळजवळ रिकामी फाइल आपोआप येते. सुरुवातीच्या टेस्टना, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या तुकड्यांना, ती पुरते. पुढे तीच फाइल हजार ओळींची होते आणि हमालीचा नियम बदलल्यावर नेमकी कुठली टेस्ट बदलायची, हे शोधण्यात वेळ जाऊ लागतो. त्याहून वाईट म्हणजे काही टेस्ट चालतच नसतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. नापास झालेली टेस्ट निदान ओरडून सांगते. न चाललेली टेस्ट गप्प बसते आणि स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत राहतं. म्हणून मांडणी ठरवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. नियम बदलला की कोणती फाइल उघडायची ते लगेच कळलं पाहिजे, आणि एकही टेस्ट गुपचूप गळता कामा नये.

नमुन्यासाठी रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी खरेदीचं सॉफ्टवेअर घेऊ. त्यात चार ॲप आहेत. ‘शेतकरी’ ॲपमध्ये खातेदार आहेत, ‘भाव’मध्ये रोजचा क्विंटलमागचा बोर्ड भाव, ‘तोल’मध्ये भुईकाट्यावरची वजनं, आणि ‘हिशेब’मध्ये उचल व हमाली वजा करून निघणारी देय रक्कम. नंदुरबारची ओली मिरची असो की जिनिंगमधली कापसाची आवक, मांडणी हीच चालते.

फाइलींची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, सगळी छोट्या अक्षरांत टाइप करायची. फाइलीच्या नावातलं ‘पाय’ म्हणजे पायथनचं नेहमीचं एक्स्टेंशन.

टेस्ट सापडते कशी

मॅनेज.पाय टेस्ट ही कमांड दिली की जँगो चालू फोल्डरपासून खाली शोधत जातं. टेस्ट चालायची तर चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. फाइलीचं नाव ‘टेस्ट’ने सुरू झालं पाहिजे. चालू फोल्डरखालच्या ज्या फोल्डरांमध्ये ती फाइल आहे, त्या प्रत्येकात __इनिट__.पाय असली पाहिजे. क्लास युनिटटेस्टच्या (पायथनसोबत येणाऱ्या टेस्ट लायब्ररीच्या) किंवा जँगोच्या टेस्टकेसवरून आलेला हवा. आणि मेथडचं नाव रोमन लिपीतल्या ‘टेस्ट’ने सुरू व्हायला हवं.

यातली एकही अट चुकली तर एरर येत नाही, टेस्ट फक्त वगळली जाते. मेथडला ‘तपास_हमाली_वजा’ असं सुटसुटीत नाव दिलं की ती कधीच चालत नाही. ‘टेस्ट_हमाली_वजा’ लिहिलं की चालते. जँगो 1.6 च्या आधी फक्त मॉडेल्स.पाय आणि टेस्ट्स.पाय याच फाइलींमधल्या टेस्ट शोधल्या जायच्या. सगळं एकाच फाइलीत ठेवा असं सांगणारं जुनं ट्युटोरियल दिसलं तर ते त्या काळातलं समजा.

पायटेस्ट हे टेस्ट चालवण्याचं वेगळं साधन वापरणाऱ्यांसाठी एक फरक. पायटेस्टची मूळ पद्धत ‘टेस्ट_’ने सुरू होणाऱ्या किंवा ‘_टेस्ट’ने संपणाऱ्या फाइली शोधायची आहे, म्हणजे त्यात अंडरस्कोर लागतो. जँगोने दिलेली टेस्ट्स.पाय ही फाइल पायटेस्टला दिसतच नाही. नवीन फाइलींना कायम ‘टेस्ट_’ असं अंडरस्कोरसकट नाव द्या, म्हणजे दोन्हीकडे चालेल.

हलवाहलव: आकडा हातात ठेवून

1. काहीही हलवण्याआधी सगळ्या टेस्ट चालवा आणि शेवटी येणारा एकूण आकडा लिहून ठेवा. तो पुढे प्रत्येक पायरीला ताडून पाहायचा आहे.

2. एकाच ॲपपासून सुरुवात करा. हिशेब ॲपमध्ये ‘टेस्ट्स’ फोल्डर करा आणि त्यात रिकामी __इनिट__.पाय ठेवा.

3. जुनी टेस्ट्स.पाय अजून फोडू नका. गिटच्या (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) एमव्ही कमांडने ती अख्खीच्या अख्खी नव्या फोल्डरमध्ये ‘टेस्ट_जुन्या.पाय’ या नावाने हलवा.

4. इम्पोर्ट दुरुस्त करा. आधी ‘डॉट मॉडेल्स’मधून इम्पोर्ट असेल तर तो आता तुटेल, कारण फाइल एक पायरी खाली गेली आहे. दोन डॉट देऊन काम भागतं, पण ‘हिशेब.मॉडेल्स’ असा पूर्ण पत्ता लिहिणं चांगलं. पुढे फाइल कुठेही हलवली तरी तो टिकतो.

5. टेस्ट चालवा. आकडा जुळला तर लगेच कमिट करा, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवा. या कमिटमध्ये फाइल हलवणं आणि इम्पोर्टच्या दोन-चार ओळी, एवढंच असावं. गिट नाव बदललेली फाइल मजकुराच्या साम्यावरून ओळखतं. हलवणं आणि फोडणं एकाच कमिटमध्ये केलं तर ते साम्य उरत नाही आणि कुठली ओळ कोणी, कधी लिहिली हा इतिहास हरवतो.

6. आता टेस्ट_जुन्या.पाय मधला एकेक क्लास नव्या फाइलीत न्या. प्रत्येक फाइलीनंतर पुन्हा आकडा ताडा. शेवटी टेस्ट_जुन्या.पाय रिकामी झाली की काढून टाका.

तिसऱ्या पायरीत हटकून होणारी चूक म्हणजे जुनी टेस्ट्स.पाय जागेवर ठेवूनच शेजारी ‘टेस्ट्स’ फोल्डर करणं. मग एरर येते, की ‘टेस्ट्स’ हे मॉड्यूल चुकीच्या जागेवरून इम्पोर्ट झालं, ते ‘ग्लोबली’, म्हणजे संगणकावर सगळ्या प्रकल्पांसाठी, इन्स्टॉल केलेलं आहे का? हा प्रश्न वाचून लोक पिप आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तपासत बसतात. कारण साधं असतं. एकाच नावाची फाइल आणि पॅकेज शेजारी असले तर पायथन पॅकेजला पसंती देतो. शोधणाऱ्याला फाइल सापडते, पण इम्पोर्ट मात्र फोल्डर होतं. जुनी फाइल काढली की एरर जाते.

दुसरी चूक __इनिट__.पाय विसरण्याची. तिथे एरर नसते, आकडा तेवढा घसरतो. पहिली पायरी टाळू नये ती यासाठीच.

फोडायचं कशाच्या आधारावर

मॉडेल्स, व्ह्यूज, फॉर्म्स अशी थरांनुसार विभागणी सगळीकडे दिसते आणि छोट्या ॲपला ती पुरेशी आहे. पण पैशाचे नियम असतील तिथे नियमाला स्वतःची फाइल द्या. हमालीचा दर बदलला तर माणूस ‘हमाली’ शोधतो, ‘मॉडेल्स’ नाही. मांडणी अशी:

केळी_खरेदी/
— मॅनेज.पाय
— प्रकल्प/सेटिंग्ज/मूळ.पाय
— प्रकल्प/सेटिंग्ज/चाचणी.पाय
— हिशेब/गणित.पाय
— हिशेब/टेस्ट्स/__इनिट__.पाय
— हिशेब/टेस्ट्स/साहित्य.पाय
— हिशेब/टेस्ट्स/टेस्ट_देय_रक्कम.पाय
— हिशेब/टेस्ट्स/टेस्ट_उचल.पाय
— हिशेब/टेस्ट्स/टेस्ट_व्ह्यूज.पाय
— तोल/टेस्ट्स/टेस्ट_काटा_आयात.पाय
— तोल/टेस्ट्स/नमुने/काटा_साधी.सीएसव्ही
— तोल/टेस्ट्स/नमुने/काटा_एक्सेल.सीएसव्ही
— भाव/टेस्ट्स/टेस्ट_तारीख.पाय
— एकत्र_टेस्ट्स/टेस्ट_खरेदी_ते_देयक.पाय
— एकत्र_टेस्ट्स/ब्राउझर/टेस्ट_काटा_पान.पाय

ज्या टेस्ट फोल्डरात इथे __इनिट__.पाय दाखवली नाही, तिथेही ती हवीच, एकत्र_टेस्ट्स आणि त्यातल्या ब्राउझरमध्येसुद्धा. फक्त ‘नमुने’मध्ये ती लागत नाही, कारण तिथे पायथनचा कोड नाही.

भाव, तोल आणि हिशेब तिन्ही ॲपना स्पर्श करणारी टेस्ट कुठल्याच ॲपची नसते, म्हणून ती मुळाशी असलेल्या वेगळ्या फोल्डरात जाते. त्या फोल्डराला नुसतं ‘टेस्ट्स’ म्हणू नका. काही बाहेरची पॅकेजेस चुकून स्वतःचं ‘टेस्ट्स’ फोल्डर साइट-पॅकेजेसमध्ये टाकून जातात आणि नावांची टक्कर होते.

टेस्ट_देय_रक्कम.पाय मध्ये काय असावं, याचं एक उदाहरण. गाडीत 8,450 किलो केळी भरली आणि भाव 1,825 रुपये क्विंटल. 84.5 गुणिले 1,825 म्हणजे 1,54,212.50 रुपये. आता पूर्ण रुपयात रक्कम करायची. पायथनचा राउंड आणि डेसिमलची क्वांटाइझ, दोन्ही मूळ सेटिंगमध्ये बरोबर अर्धा आला की सम संख्येकडे झुकतात, म्हणजे 1,54,212 देतात. वहीत हिशेब करणारा मुनीम 1,54,213 लिहील. शेतकऱ्याचा एक रुपया गेला, आणि वही व संगणक जुळेना. क्वांटाइझला राउंड_हाफ_अप सांगितलं की रक्कम वहीप्रमाणे येते. ही टेस्ट नावानिशी वेगळ्या फाइलीत असेल तर वर्षभराने कोड ‘साफ’ करणारा माणूस ती ओळ सहज काढू शकणार नाही.

अशा गणितासाठी डेटाबेस लागत नाही. म्हणून गणित मॉडेलमधून काढून गणित.पाय या वेगळ्या फाइलीत ठेवा आणि टेस्टचा क्लास सिंपलटेस्टकेसवरून घ्या. त्यातून चुकून डेटाबेसला हात लागला तर जँगो टेस्ट नापास करतं. गणितात क्वेरी शिरली की लगेच कळतं, हा मोठा फायदा.

कोणता क्लास कुठे

डेटाबेस लागणाऱ्या बहुतेक टेस्टना जँगोचा टेस्टकेस घ्या. तो प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात) गुंडाळतो आणि शेवटी मागे फिरवतो, म्हणून वेगवान असतो. पण याच गुंडाळण्यामुळे एक चूक झाकली जाते. एकाच शेतकऱ्याची उचल दोन खिडक्यांवरून एकाच वेळी वजा होऊ नये म्हणून डेटाबेसमधल्या नोंदीला कुलूप लावणारं सिलेक्ट_फॉर_अपडेट वापरतात. ते ट्रान्झॅक्शनमध्येच चालतं. कोडमध्ये ट्रान्झॅक्शन सुरू करणारं ॲटॉमिक लिहायचं राहिलं असेल, तरी टेस्टकेसमध्ये ट्रान्झॅक्शन आधीच चालू असल्यामुळे टेस्ट पास होते, आणि खऱ्या सर्व्हरवर तोच कोड पडतो. टेस्ट_उचल.पाय मधली ही एक टेस्ट ट्रान्झॅक्शनटेस्टकेसवरून घ्या, आणि ती पोस्टग्रेससारख्या डेटाबेसवर चालवा. एसक्यूलाइट हे कुलूप लावतच नाही, त्यामुळे तिथे ही टेस्ट काहीच सिद्ध करत नाही.

ट्रान्झॅक्शनटेस्टकेस मात्र जपून वापरा. तो टेस्ट संपल्यावर सगळी टेबलं रिकामी करतो. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर अशी तालुक्यांची यादी मायग्रेशनमधून (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या जँगोच्या फाइलीतून) भरलेली असेल तर तीही जाते. जँगो टेस्टकेसचे क्लास आधी चालवतं, म्हणून पहिल्या फेरीत हे दिसत नाही. पण टेस्टचा डेटाबेस न पुसता ठेवणारा कीपडीबी पर्याय देऊन तोच डेटाबेस पुन्हा वापरला की दुसऱ्या फेरीत तालुके गायब असतात, कारण मायग्रेशन ‘झालेलं’ म्हणून नोंदलेलं असतं. अशा वेळी एकदा कीपडीबीशिवाय चालवून डेटाबेस नव्याने बांधा. टेस्टला लागणारे तालुके टेस्टनेच तयार करणं, हा कायमचा उपाय.

सामाईक साहित्य

नमुन्याचा शेतकरी, भाव, तोल तयार करणारी फंक्शन्स साहित्य.पाय मध्ये ठेवा. तिचं नाव ‘टेस्ट_साहित्य’ ठेवू नका, नाहीतर शोधणारा तीही टेस्ट म्हणून उघडतो.

सामाईक बेस क्लासमध्ये स्वतःच्या टेस्ट मेथड नसाव्यात. युनिटटेस्ट मॉड्यूलमध्ये दिसणारा प्रत्येक टेस्टकेस क्लास गोळा करतो, मग तो तिथे लिहिलेला असो की इम्पोर्ट केलेला. तुमच्या बेस क्लासमध्ये तीन टेस्ट असतील आणि तो पाच फाइलींनी नावाने इम्पोर्ट केला असेल, तर त्या तीन टेस्ट प्रत्येक फाइलीत पुन्हा चालतात. आकडा अचानक वाढला तर आधी इथे बघा. टेस्टकेसवरून न येणारा साधा मिक्सिन क्लास केला की हा प्रश्न उरत नाही.

तयारीचा डेटा सेटअपमध्ये भरला तर तो प्रत्येक टेस्टच्या आधी पुन्हा तयार होतो. सेटअपटेस्टडेटामध्ये भरला तर क्लासमागे एकदाच. जँगो 3.2 पासून त्यातल्या ऑब्जेक्टमध्ये एका टेस्टने केलेला बदल दुसऱ्या टेस्टपर्यंत जात नाही, त्यामुळे तो वापरायला आता संकोच नको.

काट्याच्या फाइली आणि मराठी नावं

भुईकाट्यावरून आलेल्या सीएसव्हीचे नमुने टेस्टच्या शेजारी ‘नमुने’ फोल्डरात ठेवा. त्यांचा पत्ता चालू फोल्डरवरून काढू नका. टेस्ट फाइलीच्या __फाइल__ वरून पाथलिबने काढा. नाहीतर मुळातून चालवलेली टेस्ट पास आणि ॲपच्या फोल्डरातून चालवलेली नापास, असा प्रकार होतो.

फाइल उघडताना एन्कोडिंग लिहाच. विंडोजवर पायथन बऱ्याचदा यूटीएफ-8 सोडून दुसरंच एन्कोडिंग गृहीत धरतो आणि शेतकऱ्यांची नावं चिन्हांच्या गर्दीत हरवतात. एक्सेलमधून ‘यूटीएफ-8 सीएसव्ही’ म्हणून साठवलेल्या फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी खूण असते. ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते, आणि ‘नाव’ हा रकाना समोर दिसत असूनही कोड म्हणतो सापडत नाही. यूटीएफ-8-सिग या एन्कोडिंगने उघडलं की दोन्ही प्रकार वाचले जातात. वरच्या मांडणीत काटा_एक्सेल.सीएसव्ही वेगळी ठेवली आहे ती याचसाठी. ही खूण असलेली खरी एक्सेल फाइलच तिथे हवी, एडिटरमध्ये हाताने लिहिलेली नको.

नमुन्यात खऱ्या शेतकऱ्यांची नावं, आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक कधीही टाकू नका. रिपॉझिटरीत एकदा गेलेली माहिती फाइल पुसली तरी इतिहासात राहते. काल्पनिक नावं घ्या, पण अवघड अक्षरं जाणीवपूर्वक ठेवा: ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, ‘ऱ्हा’ असलेलं बऱ्हाणपूर. जोडाक्षरांचे घोटाळे अशाच नावांनी उघडे पडतात.

फाइलींची नावं छोट्या अक्षरांतच ठेवायची, याचंही कारण आहे. विंडोज मोठं-छोटं अक्षर एकच मानतं, लिनक्स मानत नाही. विंडोजवर उघडणारी नमुन्याची फाइल लिनक्स सर्व्हरवर सापडत नाही.

टेस्टची सेटिंग्ज

टेस्ट चालू असताना जँगो ई-मेल खरोखर पाठवत नाही, ते मेमरीतल्या आउटबॉक्समध्ये जमा होतात. एसएमएसला असं कोणतंही संरक्षण नाही. तुमच्या कोडने एसएमएस सेवेला थेट हाक मारली तर ‘आपली रक्कम जमा झाली’ हा मेसेज खऱ्या मोबाइलवर जातो. म्हणून एसएमएस पाठवणारा भाग सेटिंगमधून बदलता येईल असा लिहा आणि टेस्टच्या सेटिंग्जमध्ये बनावट पाठवणारा लावा. इथेच पासवर्डसाठी एमडी5 हॅशर ठेवा. पासवर्ड गुप्त रूपात बदलणारा मूळ हॅशर मुद्दाम संथ असतो आणि लॉगिन करणाऱ्या शंभर टेस्टमध्ये ते जाणवतं. हे दोन्ही बदल फक्त टेस्टच्या सेटिंग्जमध्येच. अपलोड झालेल्या पावत्यांसाठी मीडिया_रूट तात्पुरत्या फोल्डराकडे वळवा.

या फाइलीचं नाव चाचणी.पाय ठेवलं आहे. ‘टेस्ट.पाय’ किंवा ‘टेस्टिंग.पाय’ ठेवलं असतं तर ती शोधाच्या नियमात बसली असती आणि टेस्ट फाइल समजून इम्पोर्ट झाली असती.

टेस्ट_तारीख.पाय: पहाटेची गाडी

नव्या जँगो प्रकल्पात टाइम_झोन यूटीसी (आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ) असतो. तो एशिया/कोलकाता करा. पण तेवढ्याने भागत नाही. टाइमझोन.नाऊ मधून थेट तारीख काढली तर ती यूटीसीची येते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत कोड कालचीच तारीख धरतो. पहाटे 4 वाजता काट्यावर आलेल्या गाडीला कालचा बोर्ड भाव लागतो. योग्य उपाय टाइमझोन.लोकलडेट.

टेस्टमध्ये टाइमझोन.नाऊ बदलून यूटीसीचे 15 जानेवारीचे रात्रीचे 10:30 द्या आणि भाव 16 जानेवारीचा लागतो का ते बघा. नुसतं ‘नाऊ’ नावाने इम्पोर्ट केलेल्या कोडवर हा बदल लागू होत नाही. तिथे ज्या मॉड्यूलमध्ये ते वापरलं आहे, तिथलाच पत्ता द्यावा लागतो.

रोजचं चालवणं

हिशेबात बदल करत असाल तर फक्त ‘हिशेब’ हे ॲपचं नाव देऊन टेस्ट चालवा. त्याहून नेमकं हवं असेल तर ‘हिशेब.टेस्ट्स.टेस्ट_उचल’. पोस्टग्रेसवर पहिल्याच वेळी परवानगीची एरर आली तर डेटाबेस युजरला क्रिएटडीबीचा हक्क द्या. जँगो टेस्टसाठी ‘टेस्ट_’ जोडलेला वेगळा डेटाबेस बांधतं, त्याला तो हक्क लागतो.

ब्राउझरच्या टेस्टवर टॅग लावा आणि रोज त्या एक्सक्लूड-टॅगने वगळा. सर्व्हरवर सगळं चालवताना मात्र काहीही वगळू नका. पॅरलल पर्याय टेस्ट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटतो, पण वाटणी क्लासनुसार होते. शंभर टेस्ट एकाच अवाढव्य क्लासमध्ये कोंबल्या असतील तर त्या सगळ्या एकाच प्रोसेसमध्ये जातील आणि बाकीच्या मोकळ्या बसतील. नियमागणिक छोटे क्लास केले की इथे वेग मिळतो. विंडोजवर पॅरलल चालत नाही.

जँगो 4.0 पासून शफल पर्यायही आहे. तो टेस्टचा क्रम विस्कटतो. फोल्डरं हलवून झाल्यावर दोन-तीनदा शफल करून चालवा. एखादी टेस्ट अधूनमधून पडत असेल तर ती बहुधा दुसऱ्या टेस्टने मागे ठेवलेल्या डेटावर उभी आहे. शफल प्रत्येक वेळी सीड आकडा दाखवतो. तोच आकडा पुन्हा दिला की तोच क्रम मिळतो आणि दोषी जोडी शोधता येते.

प्रत्येक टेस्ट मेथडखाली एका ओळीचा मराठी डॉकस्ट्रिंग लिहा: ‘अर्धा रुपया आला तर वर जायचं’, ‘उचल देय रकमेपेक्षा जास्त असेल तर देय शून्य’. व्हर्बोसिटी 2 देऊन टेस्ट चालवल्या की ही पहिली ओळ मेथडच्या नावासोबत छापली जाते. ती यादी हिशेब पाहणाऱ्या मुनीमासमोर ठेवा. कोड न वाचता तो सांगू शकतो की गाडीभाड्याचा नियम यात आलाच नाही, आणि तो कुठल्या फाइलीत लिहायचा हे मांडणीवरून लगेच ठरतं.